मैना कोंबडीचं गाणं

भामा डोक्यावर भाजीची पाटी घेऊन विचुंब्याहून पनवेलच्या बाजारात पोचली, की तिला कोणी आधी भाजीचा भाव विचारत नसे. आधी कोंबडीची चौकशी. "काय भामे, कोंबडी पाटावरच बसते ना अजून?" असं कापडवाल्याचा गुमास्ता दुकानातून ओरडायचा. टांगेवाले घोड्याला पाणी पाजता पाजता तोंडाने 'कॉक कॉक' करायचे. शाळामास्तरांसारखा शिकलासवरला माणूस, पण तेही पडवळ निवडता निवडता मिशीत हसायचे आणि हळूच विचारायचे, "आणि यजमान? गोट्यावर?" भामा मान खाली घालून पडवळ पुढे करायची.

नऊ वर्षं हे चाललं होतं. दुसऱ्याच्या घरातली गंमत हाती लागली की माणसं ती चघळून चघळून चोथा करतात, आणि पनवेलकर तर तो चोथाही वाळवून पुढच्या सालासाठी ठेवतात. भामाला या चेष्टेवर उलट बोलता येत नव्हतं, कारण ती ज्याच्यामुळे सुरू झाली होती तो तिचाच नवरा होता.

काशिराम खाडीकाठच्या मिठागरात कामाला होता. अंगाने काटकुळा, पायांचे तळवे खाऱ्या पाण्याने फुटून लाकडासारखे झालेले. दिवसभर मिठाचे वाफे पायाने तुडवायचे, हेच त्याचं काम, आणि तुडवण्याच्या त्या ठेक्यावर त्याला गाणी सुचायची. लिहिता येत नव्हतं. सगळं डोक्यात. शब्द त्याचे, चाल त्याची, साथीला हातातली खंजिरी, दुसरा कोणी नाही. तलाठ्याच्या धोतरावर त्याचं गाणं होतं, चढावर उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावणाऱ्या एका शेटच्या मोटारीवर होतं, येणार येणार म्हणून गाजत असलेल्या रेल्वेवर होतं. गाताना स्वतः कधी हसायचा नाही. तोंड असं करून गायचा, की याच्या घरी नुकतंच कोणी गेलं असावं. आणि समोरच्यांची हसून मुरकुंडी वळायची.

हे सगळं व्हायचं महादेव मेस्त्रीच्या पडवीत. पनवेलची गाडीची चाकं तेव्हा घाटावरही नावाजलेली होती आणि महादेव मेस्त्री त्यातला जाणता कारागीर. अवसेला सुतार हत्याराला हात लावत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी दुपारनंतर पडवी रिकामी. मग तिथे बाभळीच्या ओंडक्यांवर, अर्ध्या झालेल्या चाकांवर, भुशाच्या ढिगावर मिळून तीसेक माणसं बसायची. त्याहून जास्त मावतच नसत. टांगेवाले, हमाल, मिठागरवाले, दोन-चार दुकानदार, कधी मास्तर. बायका अर्थातच नाहीत. काशिराम मध्ये एका पालथ्या टोपलीवर बसायचा, इतका जवळ की पुढच्यांच्या गुडघ्याला त्याची खंजिरी लागायची.

आणि तिथलं सगळ्यात आवडीचं गाणं होतं कोंबडीचं. दर अवसेला त्याची फर्माईश. दर वर्षी त्यात नवं कडवं. भामाला त्यातलं पहिलं कडवं तेवढं ठाऊक होतं, कारण ते बाजारातल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं:

माजे घरान कोंबरी, तिचा मान मोटा,
तिला पाट बसाला, मना मिलतं गोटा!

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कोंबडी होती, तिचं नाव मैना होतं आणि ती पाटावर बसायची. पण पाट कोणाचा होता हे गाण्यात नव्हतं.

पाट गोदूचा होता. गोदू त्यांची एकुलती एक लेक. लग्नानंतर सात वर्षं नवससायास करून झालेली. एकोणपन्नास सालच्या चैत्रात तिला सहा पुरी झाली आणि त्याच महिन्यात गावात देवी आल्या. घरात देवी असताना फोडणी द्यायची नाही, कोंबडं कापायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, सगळं भामाने पाळलं. गोदू तापात एकच विचारायची, मैनाला दाणे घातले का. मैना तेव्हा मुठीएवढं पिल्लू होती आणि कोंबडीच्या पोरीला पाखराचं नाव द्यायची हौस गोदूचीच. तिचा पुढचा वरचा दात हलत होता. पडला की बापाच्या खांद्यावर बसून तो स्वतः कौलावर टाकणार असं तिने कधीचं ठरवून ठेवलं होतं. दात पडायच्या आधीच ती गेली.

काशिरामने पोरीला दोन हातांवर उचलून नेलं. परत आला, अंगणात पाय धुतले आणि तिचा परकर, मण्यांची माळ, चिंचोके ठेवायची डबी, सगळ्याचं गाठोडं बांधून कुठे नेऊन टाकलं ते त्यालाच ठाऊक. पाट तेवढा भामाने धरून ठेवला म्हणून राहिला. त्या दिवसानंतर त्याने गोदूचं नाव तोंडातून काढलं नाही. भामाने काढलं तर तो ताटावरून उठून बाहेर जाई. सुरुवातीला ती त्याच्या मागे जायची, रडायची, त्याचा दंड धरून हलवायची. तो खाडीकडे बघत उभा राहायचा. पुढे तिनेही नाव काढायचं सोडून दिलं. एका माणसाने एकटंच किती दिवस बोलावं?

आणि दोन अवसा उलटल्या न उलटल्या तोच तो खंजिरी घेऊन पनवेलला गेला. भामाने तेव्हाच मनाशी ठरवलं, की या माणसाला काळीज नाही. दुसरं मूल झालं नाही. ती मैनाशी बोलायची. पाहुणा आला तरी मैनाला सुरी लागू दिली नाही. घरातल्या पाटावर मैना बसायची आणि काशिराम उंबऱ्याजवळच्या गोट्यावर बसून जेवायचा. त्याने कधी तक्रार केली नाही. सरळ गाणं केलं आणि गावभर वाजवलं.

मैना आठ वर्षं जगली. गेल्या भादव्यात एका सकाळी ती पाटाखाली मान टाकून पडलेली सापडली. भामाने तिला कुंपणाजवळ पुरलं आणि दिवसभर चूल पेटवली नाही. काशिराम संध्याकाळी आला, रिकामा पाट बघितला, काही बोलला नाही. भामाला दुःखातही एवढं वाटलं, की चला, आता ते गाणं तरी थांबेल. मेलेल्या कोंबडीवर कोण हसणार?

पुढच्या बाजारच्या दिवशी गुमास्ता लांबूनच ओरडला, "भामे, अवसेला नवं कडवं झालं! काय हसलो म्हणून सांगू!"

भामाच्या हातातली पाटी तिथेच खाली आली. आठ वर्षांत ती बाजारात कधी रडली नव्हती, त्या दिवशी रडली. शेजारी बांगड्यांची दुरडी घेऊन हव्वाबी बसायची. म्हातारी, निम्मे दात पडलेली, पण बाजारातली कुठलीही गोष्ट तिच्या कानाला चुकवून जात नसे. तिने भामाला दुरडीमागे ओढून बसवलं.

"रडून काय होतंय? तोबा, आठ साल सोसलंस आणि आज रडतेस? ऐक माझं. माझा पोरगा वहाब जातो ना तिकडे, तो सांगतो. मेस्त्रीचा कायदा आहे. धुळवडीला ते गाणं बंद पाडता येतं."

"कोनला?"

"ज्याच्यावर गाणं असेल त्याला. तुझ्यावर आहे ना? मग तुला."

कायदा खरोखरच होता, आणि तो महादेव मेस्त्रीने केलेला होता. मेस्त्री नियमाचा माणूस. चाकाला बारा आरे म्हणजे बाराच, अकरांत भागत असलं तरी. त्याच्या पडवीत वर्षभर कोणावरही गाणं झालं तरी त्याने रागवायचं नाही. पण शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, त्याने पडवीत यावं, जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या लाकडी गाभ्यावर, सगळ्यांसमोर बसावं आणि आपलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं. मध्ये उठायचं नाही, कानावर हात ठेवायचे नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर 'हे गाणं मी नेलं' म्हटलं, की ते गाणं त्याचं. मेस्त्री तुळईत एक खिळा ठोकायचा आणि ते गाणं पुन्हा कोणी, खुद्द काशिरामनेही, तोंडातून काढायचं नाही. तुळईत आजवर तीनच खिळे होते. तलाठी गेल्या साली बसला होता, पण तिसऱ्या कडव्याला धोतर सावरत उठला आणि हक्क गमावून बसला.

"मी बाईमानूस," भामा म्हणाली. "तिथं कशी जाव?"

"कायद्यात बाई नको असं लिहिलंय?" हव्वाबी म्हणाली. "वहाब तुला आत नेऊन बसवेल. तू फक्त उठू नकोस."

तिथून शिमग्यापर्यंत पाच महिने भामाने तेवढंच मनात धरलं. गाणं न्यायचं. काशिरामला तिने काही सांगितलं नाही. सांगायची त्यांच्या घरात पद्धतच उरली नव्हती. धुळवडीच्या सकाळी गावात राख उडत होती, ढोल वाजत होते, तो खंजिरी फडक्यात गुंडाळून निघाला. दुपार कलल्यावर भामाने धुतलेलं लुगडं नेसलं आणि नदी ओलांडून पनवेलचा रस्ता धरला. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. फिरली असती तर पुन्हा वर्षभर तोच गुमास्ता होता, म्हणून फिरली नाही.

वहाब पडवीच्या तोंडाशी वाट बघत उभा होता. "या भाभी," म्हणाला आणि आत ओरडला, "सरका, सरका, कोंबडीची मालकीण आलीय!"

आतला गलका एकदम थांबला, आणि मग दुप्पट झाला. तोंडं रंगांनी आणि राखेने माखलेली, कोण कोण ते ओळखू येईना. भुसा, घाम आणि बाभळीच्या लाकडाचा वास. भामाने मान वर केली नाही. वहाबने दाखवलेल्या चाकावर जाऊन ती बसली. तुंबा टोचत होता. बसल्यावर कळलं, की काशिराम हातभर अंतरावर, समोरच आहे. नवऱ्याच्या इतकं समोरासमोर ती कित्येक वर्षांत बसली नव्हती.

काशिरामच्या तोंडावर काही दिसलं नाही. फक्त खंजिरीवरची बोटं थांबली.

"गाणं न्यायाला आयलीस?" महादेव मेस्त्रीने विचारलं. त्याच्या एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खिळा. धुळवडीला तो तयारीनेच बसत असे.

"हां."

"मंग उठायचं नाय. काशिराम, पयल्यापासून. गालायचं काय नाय."

काशिरामने खंजिरी गुडघ्यावर घेतली. मग त्याने डोळे खाली केले आणि खंजिरीवर थाप मारली. पाटाचं आणि गोट्याचं कडवं झालं. तीस माणसं त्याच्याबरोबर ओरडली आणि 'गोटा' म्हणताना सगळ्यांनी भामाकडे बोट दाखवलं. ती बसून राहिली. एवढं तर तिला रोजचंच होतं. तिने दात आवळून घेतले आणि पुढच्या कडव्याची वाट बघू लागली.

कोंबरीचा दात परला, टाकला कौलावर,
बापूस चर्‍हला खांद्यावं घेऊन, बोलं नेम धर!

पडवी हसून फुटली. "कोंबडीला दात! अरे, कोंबडीला दात!" असं म्हणत एक हमाल शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दे घालायला लागला. भामा हसली नाही आणि रागावलीही नाही. तिला नीट कळलंच नाही काय ऐकलं ते. दात. खांद्यावर घेऊन. कौलावर. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो खाली बघत होता आणि नेहमीच्या त्या मेल्या तोंडाने पुढे गात होता.

कोंबरी गेली सालंला, पाटी घेऊन काखंत,
मास्तर सोदी वर्गामदी, ही लोलतं राखंत!

मास्तर स्वतः तिथे होते. त्यांनी सगळ्यांच्या आग्रहाखातर उठून कोंबडी शोधल्याचं सोंग केलं. पुन्हा हसण्याचा कल्लोळ. भामा मात्र त्या पाटीशीच अडकली. गोदूला त्या जून महिन्यात शाळेत घालायचं ठरलं होतं. पाटी आणलेली होती. ती पाटीही त्या गाठोड्यात गेली होती.

आता ती कान देऊन ऐकू लागली. एकेक कडवं म्हणजे एकेक वर्ष होतं. कोंबडीला गोवर आला आणि ती बरी झाली. कोंबडी विहिरीवर पहिल्यांदा पाणी भरायला गेली आणि घागर फोडून आली. कोंबडीने पहिली भाकरी थापली. ती तव्यावरून उचलली तर मधे भोक, पण बापाने भोकासकट खाल्ली. कोंबडी शेजारच्या पोरींबरोबर झिम्मा खेळली. लोक डोळे पुसपुसून हसत होते. हसण्यासारखंच होतं ते, त्यांचा काय दोष? पिसांची, चोचीची, दोन पायांची कोंबडी घागर घेऊन चालली तर कोणीही हसेल. भामाच्याही डोळ्यांपुढे ती चालली होती, पण तिला पिसं नव्हती.

परकर झाला आखूर बोलं, लुगरं मना आना,
अंगान पिसां, पायान नखां, तरी केवरा बाना!

तेरावं वर्ष, भामाने मनात म्हटलं. तेराव्या वर्षी लुगडं मागितलं असतं तिने. नक्की मागितलं असतं, आणि बाणाही असाच केला असता.

मग सगळं तिच्या अंगावर आलं. या माणसाने घरात एक शब्द काढला नव्हता. तिने नाव घेतलं की उठून जाणाऱ्या या माणसाने मिठागरात वाफे तुडवता तुडवता नऊ वर्षं पोर वाढवली होती. तिचा दात पाडला होता, तिला शाळेत घातलं होतं, आजारातून उठवलं होतं. आणि दर अवसेला इथे येऊन तीस परक्या माणसांना हसवून तो तिचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलून जात होता. रडला असता तर त्यांनी त्याचं सांत्वन केलं असतं आणि पुढच्या अवसेला विषय टाळला असता. हसत होते म्हणून ते दर वेळी पुन्हा मागत होते, आणि तो पुन्हा सांगत होता. मला का नाही सांगितलं? मी कोणी नव्हते का? भामाला त्याचा इतका राग आला, की उठून त्याच्या हातातली खंजिरी भिरकावून द्यावी. आणि इतकी माया आली, की त्याचे ते फुटके पाय पोटाशी धरावेत. यातलं काहीच करता येत नव्हतं. उठायचं नाही हा कायदा होता, आणि भोवती तीस माणसं हसत होती.

"आता पावन्याचं! पावन्याचं!" वहाब ओरडला. हेच ते भादव्यानंतरचं नवं कडवं होतं.

पावना आयला कोनचा, हलद घेऊन संगं,
पोरीला लावाला का रश्शाला, कोनी नाय सांगं!

या कडव्याला लोक बसल्या जागी लोळले. कोनगावचे दोघे जण होते, त्यांनी आपण नवऱ्याकडचे म्हणून उगाच मिशा पिळल्या. भामा भादव्यातल्या त्या संध्याकाळचं आठवत होती. रिकामा पाट बघून तो काही बोलला नव्हता. मैना मेली, आणि त्याने पोरीला स्थळ आणलं होतं.

"झालं," कोणीतरी म्हणालं. "एवढंच हाय. मेस्त्री, खिला घ्या."

मेस्त्रीने खिळा बोटांत धरला. "बोल भामा."

पण काशिरामची खंजिरी थांबली नव्हती. त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि भामाकडे बघितलं. ती कशाला आली आहे हे त्याला ठाऊक होतं. गाणं जाणार होतं. आजच्यानंतर त्याला ते तोंडातून काढता येणार नव्हतं. मग त्याने असं केलं, की जे कडवं कधी कोणी ऐकलं नव्हतं, बहुधा त्यानेही तोवर जुळवलं नव्हतं, ते तिथल्या तिथे गायला घेतलं. आवाज थोडा बसलेला होता.

मांडव घातला दारान, बांदली आंब्याची डाली,
कोंबरी चालली सासराला, अंगनान पिसां उरली.

लोक हसले, पण आधी एकदा थबकून मग हसले. "वा! लगीन लावलंन! निकालात काढलंन!" मास्तरांनी टाळी दिली. भामाला मात्र स्वच्छ दिसलं, की हा पोरीला तशीच जाऊ देत नाही. नेणार असशील तर नीट ने, म्हणतोय. मांडव घालून, हळद लावून ने. एकदा दोन हातांवर नेली होती, आता तरी वाजतगाजत जाऊ दे.

"भामा," मेस्त्री म्हणाला, "सगलं ऐकलंस, उठली नाय. तुजा हक्क झाला. नेतंस का गाणं?"

पाच महिने पाठ करून ठेवलेले चार शब्द भामाच्या तोंडात होते. ते म्हटले की बाजारातलं कॉक कॉक संपणार होतं, गुमास्ता गप्प बसणार होता. आणि गोदू दुसऱ्यांदा जाणार होती. नाही म्हटलं तर ती अशीच राहणार होती, या लोकांच्या हसण्यात, चोच आणि पिसं लावून. तिसरी वाट नव्हती. तिने घसा खाकरला. काशिराम तिच्या तोंडाकडे बघत होता, देवळात कौल लावून बसलेला माणूस बघतो तसा.

"लगीन नको," भामा म्हणाली.

"काय?"

"गानं ऱ्हावं दे. पन लगीन नको. इतक्यान नको." तिने काशिरामकडे बघितलं. "पोर ल्हान हाय अजून. ऱ्हावं दे घरी."

मग जो हशा झाला, तसा त्या पडवीत कधी झाला नव्हता. टांगेवाले भुशात लोळले. वहाबने डोक्यावरची टोपी वर उडवली. "काशिरामला बायको भारी पडली!" "नऊ वरसां उगीच याचं गानं ऐकलं, खरी कलावंतीन घरी होती!" मास्तर डोळे टिपत म्हणाले, "पोर लहान आहे! अहो, काय हजरजबाबीपणा!" मेस्त्रीसुद्धा, जो नियमाच्या वेळी कधी हसत नसे, हातोडी मांडीवर ठेवून गदागदा हलत होता. त्याने कसाबसा निकाल दिला, की कायद्यात असं बसत नाही, पण शेवटचं कडवं वर्षभर बंद, आणि पुढच्या धुळवडीला भामाने पुन्हा येऊन, पुन्हा सगळं ऐकून, पुन्हा सांगायचं.

"काशिराम, जवाब दे!" लोक ओरडत होते. "बायकोला जवाब दे!"

काशिरामच्या गालांवरच्या राखेतून पाणी ओघळत होतं आणि ते बघून लोकांना वाटत होतं, की आज हा पठ्ठ्याही शेवटी हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. तो पुढे वाकला. त्या गलक्यात भामाशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही.

"गोदूला चैतान सोलावं वरीस लागंल," तो म्हणाला.

"ठावं हाय मना."

"किती दिस ठेवशील घरी?"

भोवतीचे लोक 'पहिल्यापासून, पहिल्यापासून' म्हणून ओंडके बडवत होते. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, सगळ्यांसमोर, आणि त्यावरही शिट्ट्या वाजल्या.

"मी दर साल येन," ती म्हणाली. "तुमी गात ऱ्हावा."